खेळयंत्राचें जोडयंत्र

मुंबईहून पुण्याकडे येणारी गाडी कर्जतला थांबली, म्हणजे तिच्या पाठीशीं दोन किंवा तीन जादा इंजिनें येऊन लागतात, हें या मार्गानें जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचें आहे. कर्जतपासून लोणावळ्यापर्यंतचा २८ किलोमीटरांचा मार्ग, त्यांत बोरघाटाचा ३७ फुटांस १ फूट असा चढ, आणि गाडीचें स्वतःचें इंजिन त्यास पुरें पडत नाहीं म्हणून मागून रेटा देण्यास हीं 'बँकर' इंजिनें. लोणावळें आलें, कीं तीं सोडलीं जातात. गाडी आपल्या वाटेनें तळेगांवकडे निघून जाते, आणि बँकर मोकळे घाट उतरून पुढच्या गाडीसाठीं पुन्हां कर्जतला जाऊन उभे राहतात. मूळच्या वस्तूचा भाग कोणता आणि प्रसंगापुरती जोडलेली वस्तु कोणती, हा भेद मावळांतल्या शाळकरी मुलाला अशा रीतीनें रुळांच्या कडेला उभें राहूनच कळतो.

हाच भेद २००६ मध्यें जगांतील कांहीं बलाढ्य कंपन्यांच्या स्पर्धेंत निर्णायक ठरला. ती स्पर्धा व्हिडिओ गेमच्या यंत्रांची होती, आणि त्यांतून दाखवावयाच्या अतिस्पष्ट चित्रपटांच्या तबकड्यांचीहि होती. तिचा निकाल २००८ च्या फेब्रुवारींत लागला. परंतु तिनें मागें ठेवलेला प्रश्न अजून घरोघरच्या कपाटांत पडून आहे. लोणावळ्या-खंडाळ्याच्या ज्या बंगल्यांत मुंबई-पुण्याचीं कुटुंबें सुटीपुरतीं येतात, त्यांतील एखादें जुनें कपाट उघडून पाहावें. चित्रपटांच्या तबकड्या असतात, मुलांच्या खेळांच्या असतात, आणि त्यांतच कोणाच्या तरी लग्नाची किंवा मुंजीची एक तबकडी असते. तबकड्या जागच्या जागीं आहेत. त्या वाचणारें यंत्र मात्र पुष्कळ वेळां घरांत उरलेलें नसतें.

मुलें ज्याला 'कन्सोल' म्हणतात तें खेळयंत्र म्हणजे मुख्यतः खेळाकरितां बांधलेला संगणक होय. तें दूरचित्रवाणीच्या संचास जोडतात. खेळाचीं चित्रें, आवाज, नियम, सारें कांहीं एका तबकडीवर सांठविलेलें असतें, आणि ती वाचून आंतील संगणकास मजकूर पुरविण्याचें काम वाचक-यंत्र करतें. बाजारांत या वाचक-यंत्रास 'ड्राइव्ह' असें नांव आहे. तें खेळयंत्राच्या पोटांत असलें, तर त्याकडे कोणाचें लक्षहि जात नाहीं. तेंच निराळ्या पेटींत घालून तारेनें बाहेरून जोडलें, म्हणजे तें जोडयंत्र झालें.

जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई खांचेंतून फिरत असे. या नव्या तबकड्यांत सुईचें काम प्रकाशाचा किरण करतो. तबकडीच्या पोटांत, जिलबीच्या वेढ्यांसारखी आंतून बाहेर उलगडत जाणारी एकच अखंड रेघ असते, आणि त्या रेघेवर डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म खळग्यांची रांग असते. लेसरचा किरण सपाट भागावर पडला तर ठळकपणें परत फिरतो, खळग्यावर पडला तर क्षीण होतो. उजेडाच्या या चढउतारांवरून यंत्र मजकूर ओळखतें.

आतां तबकडीचा आकार तोच ठेवून तिच्यावर अधिक मजकूर बसवावयाचा, तर अक्षर बारीक केलें पाहिजे. जाड बोरूनें बारीक अक्षर निघत नाहीं. त्यास टांकच बारीक लागतो. प्रकाशाच्या बाबतींत टांकाचें टोंक म्हणजे त्याची तरंगलांबी. सीडीसाठीं ७८० नॅनोमीटरांचा, डोळ्यांस न दिसणारा अवरक्त किरण वापरतात. डीव्हीडीसाठीं ६५० नॅनोमीटरांचा तांबडा. आणि ज्या तबकड्यांवरून ही स्पर्धा झाली त्यांसाठीं ४०५ नॅनोमीटरांचा जांभळट निळा. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटराचा दहा लाखावा भाग. असा निळा किरण देणारें लहानसें व टिकाऊ साधन १९९० सालीं कोणाजवळच नव्हतें. जपानच्या निचिया कंपनींत काम करणारे शुजी नाकामुरा यांनीं गॅलियम नायट्राइड या पदार्थापासून आधीं निळा दिवा आणि त्यानंतर निळा लेसर सिद्ध केला. त्या निळ्या एलईडी दिव्याबद्दल २०१४ चें भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांना इसामु आकासाकी व हिरोशी अमानो यांच्यासह मिळालें. आज घरोघर जळणारा पांढरा एलईडी दिवा हाहि त्याच शोधाचा पुढचा भाग होय.

हा खटाटोप कशासाठीं, तर चित्राच्या स्पष्टतेसाठीं. डीव्हीडीवरील चित्र, भारतांत रूढ असलेल्या पद्धतीप्रमाणें, आडवे ७२० व उभे ५७६, म्हणजे सुमारें ४ लाख १५ हजार ठिपक्यांचें असतें. उच्च स्पष्टतेचें पूर्ण चित्र आडवे १९२० व उभे १०८०, म्हणजे जवळजवळ २० लाख ७४ हजार ठिपक्यांचें. हें बरोबर पांचपट झालें. डीव्हीडीच्या एका थरांत ४.७ गिगाबाइट मजकूर मावतो व दोन थरांत ८.५, एवढ्यांत असा संपूर्ण चित्रपट चांगल्या रीतीनें बसविणें कठीण. तेव्हां नवी तबकडी हवी होती, आणि येथेंच दोन तट पडले.

तोशिबा व एनईसी यांनीं 'एच-डी डीव्हीडी' नांवाची तबकडी पुढें आणली. सोनी, फिलिप्स, मात्सुशिता, पायोनियर इत्यादि कंपन्यांची तबकडी 'ब्लू-रे' या नांवाची. दोहोंचा किरण एकच; फरक होता तो मजकुराचा थर किती खोल ठेवावयाचा यांत. एच-डी डीव्हीडीनें तो जुन्या डीव्हीडीप्रमाणेंच पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आंत ठेवला. यामुळें डीव्हीडीच्या कारखान्यांतील जुनीं यंत्रें थोड्या फेरफारानें कामास येत व खर्च वांचे. ब्लू-रेनें तो अवघ्या ०.१ मिलिमीटरावर आणला. थर भिंगाच्या इतका जवळ आल्यावर किरणाचें टोंक आणखी सूक्ष्म करतां येतें; पण वरचें आवरण पातळ झाल्यानें ओरखड्याची भीति वाढते, म्हणून त्यावर निराळें कठीण लेपन करावें लागलें, आणि कारखान्याची मांडणीहि बदलावी लागली. फळ असें, कीं एच-डी डीव्हीडींत दर थरास १५ गिगाबाइट मावले, तर ब्लू-रेंत २५. रेघेच्या दोन वेढ्यांतील अंतर पहिलींत मिलिमीटराच्या हजाराव्या भागाचे चार दशांश, दुसरींत त्याहूनहि कमी. ब्लू-रे तबकडीवरील सगळी रेघ उलगडून सरळ केली, तर ती सुमारें २७ किलोमीटर भरते. म्हणजे तिचें एक टोंक कर्जतच्या फलाटावर धरलें, तर दुसरें लोणावळ्याच्या अगदीं वेशीशीं येईल. साध्या सीडीची रेघ साडेपांच किलोमीटरांच्या आंतच, पळसदरी ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर, संपून जाईल.

दोन्ही तबकड्या चांगल्या होत्या. एका तटाचें म्हणणें काटकसरीचें होतें, दुसऱ्याचें दूरदृष्टीचें. आणि केवळ चित्राकडे पाहून निवड करावयाची, तर सामान्य प्रेक्षकास दोहोंत डावें-उजवें करतां आलें नसतें. निकाल लावला तो तबकडीनें नव्हे, ती कोणत्या यंत्रांत व कशी बसविली यानें.

मायक्रोसॉफ्ट कंपनीचें 'एक्सबॉक्स ३६०' हें खेळयंत्र २००५ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत विक्रीस आलें, आणि २००६ च्या सप्टेंबरांत भारतांत. त्याच्या पोटांत साधें डीव्हीडीचें वाचक-यंत्र होतें. निळ्या लेसराची वाट पाहत बसण्यापेक्षां वर्षभर आधीं बाजार गांठावा, असा हिशेब त्यामागें होता, आणि तो चुकीचा म्हणतां येणार नाहीं. परंतु कंपनीनें दरम्यान एच-डी डीव्हीडीचा पक्ष घेतलेला होता; तेव्हां २००६ च्या नोव्हेंबरांत तिनें खेळयंत्रास बाहेरून जोडावयाचें एच-डी डीव्हीडीचें जोडयंत्र काढलें. किंमत अमेरिकेंत १९९ डॉलर. ही एक फिकट पांढरी पेटी. तिला विजेची तार निराळी, आणि खेळयंत्रास जोडण्यासाठीं यूएसबीची तार निराळी. तिचें काम केवळ तबकडी वाचण्याचें. वाचलेल्या मजकुरांतून चित्र उलगडण्याचें सारें गणित मुख्य यंत्राचा संगणकच करी. एका अर्थानें ही मोठी चतुराईची योजना होती, कारण स्वतंत्र एच-डी डीव्हीडी यंत्राच्या मानानें ती पुष्कळ स्वस्त पडे. आरंभीच्या ग्राहकांना पेटीबरोबर 'किंग काँग' या चित्रपटाची तबकडीहि मिळाली.

त्याच महिन्यांत सोनीचें 'प्लेस्टेशन ३' जपान व अमेरिकेंत आलें. त्याच्या पोटांतच ब्लू-रेचें वाचक-यंत्र होतें, आणि तें काढून टाकण्याची किंवा न घेण्याची सोय ग्राहकास नव्हती. परिणामीं यंत्र महाग झालें: अमेरिकेंत ४९९ व ५९९ डॉलर, आणि भारतांत २००७ च्या एप्रिलांत सुमारें ४० हजार रुपये. निळ्या लेसराचे सुटे भाग पुरेसे मिळेनात, म्हणून युरोपांतील विक्री २००७ च्या मार्चपर्यंत लांबवावी लागली. त्या वेळीं सोनीची पुष्कळ थट्टा झाली. खेळ खेळूं इच्छिणाऱ्या मुलाच्या बापाकडून चित्रपटाच्या यंत्राचे पैसे कां घ्यावे, असा टीकेचा सूर होता, आणि प्रश्न वाजवीच होता.

परंतु जोडयंत्राचें खरें दुखणें किंमतींत नव्हतें. जी वस्तु प्रत्येकाजवळ असेलच अशी खात्री नाहीं, तिच्यावर दुसरा कोणी आपलें काम उभारीत नाहीं. खेळ रचणारी मंडळी वर्षानुवर्षें श्रम करून जो खेळ तयार करतात, तो सर्व ग्राहकांना चालावा अशी त्यांची इच्छा असते. दहांतील एकाजवळच जर ही पेटी असेल, तर तिच्या तबकडीवर खेळ कोण काढणार? मायक्रोसॉफ्टनें स्वतःच सांगून टाकलें होतें, कीं खेळ डीव्हीडीवरच निघतील, पेटी केवळ चित्रपटांसाठीं. म्हणजे खेळाच्या यंत्रास जोडलेली ही वस्तु खेळाच्या कामाची नव्हतीच. उलट प्लेस्टेशन ३ ज्यानें खेळासाठीं घेतलें, त्याच्या घरीं ब्लू-रे न मागतां येऊन बसला, आणि चित्रपट-कंपन्या जेव्हां आपल्या तबकड्या चालवूं शकणारीं घरें मोजूं लागल्या, तेव्हां अशीं सगळीं घरें ब्लू-रेच्या खात्यावर जमा झालीं. पुढें २०१० मध्यें 'फायनल फँटसी १३' हा खेळ दोन्ही यंत्रांसाठीं निघाला, तो प्लेस्टेशन ३ वर एका तबकडींत मावला, आणि एक्सबॉक्स ३६० च्या मुलांना त्यासाठीं तीन डीव्हीडी बदलाव्या लागल्या.

बोरघाटांतहि याच दोन रीती आतां शेजारीं-शेजारीं दिसतात. २०२३ च्या फेब्रुवारींत सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी बँकर न घेतां हा घाट चढते. कारण तिची चालकशक्ति एका इंजिनांत सांठविलेली नसून निम्म्या डब्यांच्या खालीं वांटून दिलेली आहे. जी शक्ति अंगांत आहे, तिच्या भरंवशावर वेळापत्रक आंखतां येतें. अर्थात् अशी गाडी बांधावयास खर्चहि तसाच येतो.

पुढचा प्रकार झपाट्यानें घडला. २००७ च्या ऑगस्टांत पॅरामाउंट कंपनीनें एच-डी डीव्हीडीचा एकटीचा पक्ष स्वीकारला, तेव्हां तराजू क्षणभर त्या बाजूस झुकल्यासारखा वाटला. पण २००८ च्या ४ जानेवारीस वॉर्नर ब्रदर्सनें, जी तोंवर दोन्ही तबकड्या काढीत होती, यापुढें ब्लू-रेच काढूं असें जाहीर केलें. फेब्रुवारींत वॉलमार्टसारख्या मोठ्या विक्रेत्यांनीं तोच मार्ग धरला. १९ फेब्रुवारीस तोशिबानें माघार घोषित केली. आणि चार दिवसांनीं मायक्रोसॉफ्टनें आपलें जोडयंत्र बंद केल्याचें सांगून त्याची किंमत ५० डॉलरांवर आणली. बाजारांत आल्यापासून सव्वा वर्षाच्या सुमारास त्याचा अवतार संपला.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. जोडयंत्र बुडालें, पण ज्यास तें जोडलें होतें तें खेळयंत्र बुडालें नाहीं. एक्सबॉक्स ३६० जगांत आठ कोटींहून अधिक विकलें गेलें, आणि प्लेस्टेशन ३ ची संख्याहि त्याच घरांतली. एच-डी डीव्हीडीचें वाचक-यंत्र मायक्रोसॉफ्टनें पोटांत बसविलें असतें, तर २००८ मध्यें एका मेलेल्या तबकडीचें ओझें प्रत्येक यंत्राच्या गळ्यांत पडलें असतें. ज्यांनीं पेटी घेतली त्यांचे १९९ डॉलर गेले. ज्यांनीं घेतली नाहीं त्यांचें कांहींच गेलें नाहीं. धंद्याच्या दृष्टीनें हें जोडणें म्हणजे पैज लहान ठेवणें होतें. जिंकण्यास तें अपुरें, हरण्यास मात्र सोयीचें.

जोडयंत्रांचा इतिहास त्याहूनहि जुना आहे. एनईसीनें १९८८ मध्यें आपल्या 'पीसी इंजिन' या खेळयंत्रास सीडीचें वाचक-यंत्र जोडून दिलें. सेगानें १९९१ मध्यें 'मेगा-सीडी' काढलें. निन्टेन्डोनें १९९९ मध्यें जपानपुरतें '६४ डीडी' काढलें, आणि तें लवकरच गुंडाळलें. या यादींतील सर्वांत मनोरंजक प्रकरण मात्र कधीं विक्रीसच न आलेल्या जोडयंत्राचें आहे. निन्टेन्डोच्या खेळयंत्रास सीडीचें जोडयंत्र करून देण्याचा करार सोनीनें केला होता. १९९१ च्या जूनमध्यें शिकागोच्या प्रदर्शनांत सोनीनें तें जाहीर केलें, आणि दुसऱ्याच दिवशीं निन्टेन्डोनें आपण फिलिप्सबरोबर काम करणार असल्याचें सांगून सोनीस तोंडघशीं पाडलें. त्या रागांतून व त्या अपुऱ्या कामांतून सोनीनें स्वतःचें खेळयंत्र उभें केलें. तें १९९४ च्या डिसेंबरांत 'प्लेस्टेशन' या नांवानें आलें. दुसऱ्याच्या गाडीस मागून लागावयाचें इंजिन स्वतःच गाडी घेऊन निघालें, असा हा प्रकार.

महाराष्ट्रांतील बहुतेक कुटुंबांना या झगड्याची वार्ताहि नव्हती, आणि त्यास कारण आहे. येथल्या मध्यम स्थितींतल्या घरांत चित्रपट आला तो व्हीसीडीवर. १९९३ मध्यें ठरलेल्या या तबकडीचें चित्र आडवे ३५२ व उभे २८८ ठिपक्यांचें, म्हणजे डीव्हीडीच्याहि चौथाईच्या आसपास. एका तबकडींत सव्वा तासाच्या आंतबाहेरच मजकूर मावत असल्यानें मराठी चित्रपट वा नाटक दोन-तीन तबकड्यांत येई, आणि ऐन रंगाच्या प्रसंगीं कोणास तरी उठून तबकडी बदलावी लागे. तरीहि ती लोकप्रिय राहिली, कारण ती स्वस्त होती. तबकड्या बनविणाऱ्या नोएडाच्या मोझर बेअर कंपनीनें २००७ च्या सुमारास चित्रपटांची व्हीसीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस देऊन तर सारा बाजारच हलविला. ज्या महिन्यांत अमेरिकेंत उच्च स्पष्टतेच्या तबकडीसाठीं कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या, त्याच महिन्यांत पुण्याच्या किराणा दुकानाशेजारीं चित्रपट भाजीच्या भावानें विकला जात होता. निळ्या किरणाची महाग तबकडी अशा बाजारांत कितीशी टिकणार? पुढें २०१६ मध्यें जिओ आलें, मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झालें, आणि लोक व्हीसीडीवरून जवळजवळ थेट मोबाइलवर गेले. मधली पायरी पुष्कळांनीं चढलीच नाहीं. मोझर बेअर कंपनीचेंहि २०१८ मध्यें दिवाळें निघालें.

मधली पायरी ज्यांनीं चढली त्यांत एक वर्ग मात्र मोठा होता, तो म्हणजे लग्नाचें चित्रण करून घेणाऱ्यांचा. २००० नंतरच्या वर्षांत छायाचित्रकार हें चित्रण डीव्हीडीवर देत. कांहीं हौशी घरांत तें ब्लू-रेवरहि आलें. या तबकड्या चित्रपटाच्या तबकड्यांसारख्या कारखान्यांत ठसा मारून काढलेल्या नसतात. साध्या डीव्हीडींत एका रंगद्रव्याच्या थरावर लेसरानें डाग पाडून मजकूर लिहिलेला असतो, आणि रंगद्रव्य उन्हानें, उष्णतेनें व नुसत्या काळानेंहि विटतें. छापील तबकडीसहि भय आहेच. तिच्यांतील ॲल्युमिनमच्या थरापर्यंत हवा व ओल पोचली, तर तो गंजूं लागतो. वॉर्नर ब्रदर्सनें २००६ ते २००८ च्या सुमारास काढलेल्या कांहीं डीव्हीडी निकामी होत असल्याचें त्या कंपनीनें २०२५ मध्यें मान्य केलें. तिच्या एच-डी डीव्हीडींविषयीं संग्राहकांची हीच तक्रार त्यापूर्वींपासून होती. लोणावळ्याच्या हवेंत तर आणखी एक शत्रु आहे. जेथें वर्षाचा पाऊस चार हजार मिलिमीटरांच्या घरांत जातो, तेथें वहाणेवर व पुस्तकावर येणारी बुरशी तबकडीस वर्ज्य मानीत नाहीं. बेलीझ या मध्य अमेरिकेंतील दमट देशांतून आणलेल्या एका सीडीचा आंतला थर बुरशीनें पोखरल्याचें २००१ मध्यें स्पॅनिश शास्त्रज्ञांस आढळलें होतें.

आणि तबकडी वांचली, तरी वाचणारें यंत्र हवें. लोणावळ्याहून पुण्याकडे निघालें, कीं मळवलीजवळ डाव्या हाताच्या डोंगरांत कार्ल्याचीं लेणीं आहेत. एकवीरेच्या दर्शनास जाणारा प्रत्येक जण त्या चैत्यगृहावरून जातो. तेथें वैजयंतीच्या भूतपाल नांवाच्या शेठीनें आपल्या दानाचा लेख ब्राह्मी लिपींत खोदविला आहे. दगड दोन हजार वर्षें टिकला. परंतु मधल्या कित्येक शतकांत तो वाचूं शकणारा एकहि मनुष्य त्या डोंगराखालच्या गांवांत नव्हता. प्राचीन ब्राह्मी लिपीचा उलगडा जेम्स प्रिन्सेप यांनीं १८३७ सालीं केला, तेव्हां असे लेख पुन्हां बोलूं लागले. लेख होता, वाचक नव्हता. एच-डी डीव्हीडीची स्थिति २००८ पासून अशीच आहे, आणि तिचीं नवीं यंत्रें कोणी काढीत नाहीं. साध्या डीव्हीडीची स्थिति इतकी वाईट नाहीं, पण ती त्या दिशेस चाललेली आहे: नव्या लॅपटॉपांत वाचक-यंत्र बहुधा नसतेंच, सॅमसंगनें २०१९ मध्यें ब्लू-रे यंत्रांच्या नव्या आवृत्त्या काढणें थांबविलें, आणि सोनीनें २०२५ च्या फेब्रुवारींत लिहितां येण्याजोग्या ब्लू-रे तबकड्यांचें उत्पादन बंद केलें.

गंमत अशी, कीं या अवस्थेंत उपयोगी पडतें तें जोडयंत्रच. मायक्रोसॉफ्टची ती टाकाऊ ठरलेली पेटी यूएसबीच्या तारेनें साध्या संगणकासहि जोडतां येते, आणि एच-डी डीव्हीडीखेरीज ती डीव्हीडी व सीडीहि वाचते. ज्यांच्याजवळ जुन्या एच-डी डीव्हीडी आहेत, असे परदेशांतील संग्राहक ती याच कारणासाठीं जपून ठेवतात. पोटांतील वाचक-यंत्र बिघडलें, तर सगळें खेळयंत्र उघडावें लागतें. ही पेटी उचलून दुसरीकडे नेतां येते. शिवाय ज्या सोनीनें पोटांतील ब्लू-रेच्या बळावर २००८ चा डाव जिंकला, तिच्याच प्लेस्टेशन ५ च्या २०२३ अखेरच्या आवृत्तींत वाचक-यंत्र काढतां-घालतां येण्याजोगें झालें, आणि २०२४ च्या 'प्रो' आवृत्तींत तें मुळांत नसतेंच. हवें असेल त्यानें निराळें विकत घेऊन बसवावें. मात्र तें बसवितांना पहिल्या वेळीं इंटरनेटवरून कंपनीकडे नोंद व्हावी लागते. बोरघाटांतील बँकरला गाडीशीं जोडण्यास सांखळी पुरते. येथें सांखळीबरोबर दूरच्या कचेरीची संमतिहि लागते, आणि ती कचेरी वीस वर्षांनीं उघडी असेल कीं नाहीं, हें पेटीवर लिहिलेलें नाहीं.

घरांतील जुन्या तबकड्यांपुरतें बोलावयाचें, तर संगणकास बाहेरून जोडावयाचें डीव्हीडीचें वाचक-यंत्र पुण्याच्या बाजारांत दीड-दोन हजार रुपयांस मिळतें, आणि तें एका घरानें घेतलें तर चार घरांना पुरतें. प्रथम लग्न-मुंजीच्या, घरीं लिहिलेल्या तबकड्या उतरवून घ्याव्या. त्यांची दुसरी प्रत जगांत कोठेंहि नसते. चित्रपटांच्या तबकड्या मागाहून पाहतां येतील. तबकडी पुसावयाची ती मऊ कोरड्या कापडानें, मधून कडेकडे सरळ; गोल फिरवून पुसल्यास ओरखडा रेघेच्या दिशेनें पडतो व वाचक-यंत्रास तो सांवरतां येत नाहीं. एके ठिकाणीं अडली, तर दुसऱ्या वाचक-यंत्रांत घालून पाहावी, कारण एकानें नाकारलेली तबकडी दुसरें कित्येकदां वाचतें. उतरविलेल्या मजकुराच्या दोन प्रती दोन निराळ्या जागीं ठेवाव्या. त्यांतील एक बंगल्यांत न ठेवतां शहरांतल्या घरीं असावी. एका डीव्हीडीस बहुधा अर्धा तासहि लागत नाहीं. हें काम वैशाखांतच उरकलेलें बरें. मृग लागल्यावर लोणावळ्यांत कपाटांतून काढलेलें यंत्र चालू करण्यापूर्वीं कोरड्या खोलींत दोन-तीन तास तसेंच ठेवावें लागतें, नाहीं तर त्याच्या भिंगावरील दंवामुळें चांगली तबकडीहि वाचली जात नाहीं.